रत्नागिरीच्या किनाऱ्यासाठी कोणता मेटल डिटेक्टर घ्यावा?

प्रश्न: वाळूत हरवलेली नाणी, अंगठ्या शोधण्याच्या छंदासाठी पहिला डिटेक्टर घ्यायचा आहे. गॅरेट एस 300, माइनलॅब व्हॅनक्विश 340 आणि नोक्ता सिम्प्लेक्स प्लस यांपैकी कोणता योग्य ठरेल, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर 1: गॅरेट 8 आणि सिम्प्लेक्स 12 किलोहर्ट्झ अशा प्रत्येकी एकाच वारंवारतेवर चालतात, त्यामुळे ओल्या, खारट वाळूवर कॉइल (यंत्राच्या टोकाची शोधचकती) फिरवताच ते विनाकारण वाजू लागतात, आणि रत्नागिरीच्या काळ्या वाळूतील इल्मेनाइट हे लोहयुक्त खनिज त्यात भरच घालते. व्हॅनक्विश एकाच वेळी अनेक वारंवारता वापरत असल्याने तिथे बराच शांत राहतो. माझे मत त्यालाच.

उत्तर 2: सहमत, मात्र व्हॅनक्विशची केवळ कॉइल पाण्यात चालते, तर सिम्प्लेक्स संपूर्ण यंत्रासह 3 मीटरपर्यंत बुडवता येतो. लाटांत उतरणार असाल तर हा फरक मोठा आहे. गॅरेट कोरड्या वाळूपुरता ठीक.

उत्तर 3: यंत्र कोणतेही घ्या, पण किल्ल्यांच्या व संरक्षित स्मारकांच्या परिसरात ते नेऊ नका. जमिनीत पुरलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडल्यास 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते.