मदत हवी आहे: ६० मुलं, ३५ मिनिटं आणि अद्भुतकथा

१५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, एका मराठी शाळेत अद्भुतकथा कशी लिहावी यावर मुलांशी बोलायचं आहे. सहावी-सातवी एकत्र, प्रोजेक्टर नाही, फळा आहे.

‘जादूची वस्तू घेऊन गोष्ट लिहा’ एवढंच सांगितलं, की बहुतेक वह्यांत राक्षस येतो, जादूने मरतो, गोष्ट संपते. जादू फुकट असली की अडचणच उरत नाही. म्हणून नियम घालून पाहिला: जादू दिवसातून एकदाच, आणि दर वेळी एक आठवण पुसली जाते. गोष्टी एकदम जिवंत झाल्या! पण समजावण्यातच १५ मिनिटं गेली. चौघांचे गट केले तर एकच लिहितो, बाकीचे बघत बसतात. भेट एकदाच, त्यामुळे गृहपाठही नाही.

हा नियम ५ मिनिटांत पोचवून प्रत्येकाकडून निदान चार ओळी लिहून घ्यायला फळ्यावर नेमकं काय मांडावं?