व्हिस्की नीट चाखायची आहे, पाच बाटल्या सुचवा

सिंहगडरोडी

नमस्कार मंडळी. आम्ही पाच मित्र, सगळे चाळिशीच्या आसपासचे. आजवर बसलो की ब्लॅक लेबल, नाहीतर कोणी ड्यूटी फ्रीमधून आणेल ते. भरपूर बर्फ, सोडा आणि समोर शेंगदाणे-फरसाण. चवीबिवीच्या भानगडीत कोणी पडलं नाही. आता एकाच्या डोक्यात आलंय की दिवाळीनंतर एका शनिवारी पाच देशांच्या पाच व्हिस्क्या शेजारी शेजारी ठेवून व्यवस्थित चाखायच्या: स्कॉटलंड, आयर्लंड, अमेरिका, जपान, भारत. वर्गणी काढतोय, त्यामुळे अगदीच हात आखडता नाही, पण अठरा वर्षं मुरलेल्या बाटल्या परवडणार नाहीत.

कुठल्या घ्याव्यात? आधी कुठली, नंतर कुठली? पाणी घालायचं का? आणि लोक ‘नाशपती, मध, जुनं चामडं’ वगैरे लिहितात ते खरंच लागतं, की नुसत्या पुड्या?

तिखटमीठ

ओल्ड मंक आणा. एकच बाटली, एकच देश, वाद मिटला.

लीथकर

एडिनबरोत राहते, इथल्या चाखण्याच्या बैठकांना नेमाने जाते, म्हणून जरा लांबण लावते.

आधी ती देशवार मांडणी सोडा. देश लेबलवर मोठ्या अक्षरात असतो, ग्लासात फारच कमी सापडतो. चवीत खरा फरक पाडतात त्या गोष्टी वेगळ्या: धान्य कुठलं, पिंप कुठलं, धूर आहे का, आणि मुरताना हवा किती तापली. पाच बाटल्या अशा निवडा की प्रत्येकीत यातली एखादी गोष्ट ठसठशीत कळेल. माझी यादी अशी:

रेडब्रेस्ट १२. आयर्लंडमधल्या कॉर्क परगण्यातल्या मिडल्टनची. मोड आणलेली आणि न आणलेली अशी दोन्ही बार्ली एकत्र घेऊन पॉट स्टिलमध्ये, म्हणजे तांब्याच्या मोठ्या भांड्यात गाळतात. मोड आणलेल्या बार्लीवर कर होता, तो चुकवायला कच्ची बार्ली मिसळायची रीत पडली आणि पुढे तीच त्यांची ओळख झाली. जिभेवर किंचित तेलकट, जाडसर लागते. जेमसन स्वस्त पडेल, पण तो ब्लेंड आहे, म्हणजे हलकी व्हिस्की मिसळलेला. त्यात हा जाडसरपणा पातळ होऊन जातो.

ग्लेनड्रोनाक १२. स्कॉटलंडच्या हायलँडमधली, शेरीच्या (स्पेनची एक वाइन) पिंपांत मुरलेली. मनुका, खजूर, थोडी सुंठ. पिंप म्हणजे काय करतं ते इथे कळेल.

मेकर्स मार्क. केंटकीची बर्बन. हिच्याबद्दल अमेरिकावासी लिहितीलच.

अमृत फ्यूजन. बंगळूरची, ५० टक्के अल्कोहोल. भारतीय बार्ली आणि स्कॉटलंडहून आणलेली धुरावलेली बार्ली असा मेळ. अमृतने सिंगल माल्ट (एकाच कारखान्यात, फक्त मोड आणलेल्या बार्लीची केलेली) पहिल्यांदा विकायला काढली ती २००४ मध्ये ग्लासगोत, म्हणजे थेट स्कॉच पिणाऱ्यांच्या दारात. धाडसच म्हणायचं.

लाफ्रोएग १०. स्कॉटलंडच्या आयला बेटावरची. बार्ली वाळवताना पीटचा धूर देतात. पीट म्हणजे दलदलीत शतकानुशतकं साचत गेलेल्या वनस्पतींचा थर, तो कापून, वाळवून जाळतात. पहिल्या वासाला निम्मे लोक ‘दवाखाना’ म्हणतात आणि ते चूक नाही. धुरातली फिनॉलच्या कुळातली रसायनंच तशी वासाची असतात. तुमच्या ब्लॅक लेबलमध्येही आयलाच्याच कूल ईला या डिस्टिलरीच्या व्हिस्कीचा अंश असतो. लाफ्रोएगनंतर ब्लॅक लेबल हुंगून बघा, इतकी वर्षं पीत होतात त्यातला धूर पहिल्यांदा सापडेल.

क्रम वर दिलाय तोच ठेवा. धूरवाली शेवटी, हे मात्र मोडू नका. ती आधी घेतली तर पुढच्या सगळ्या ग्लासांना तिचाच वास येईल.

सिंहगडरोडी

ताई, फारच सविस्तर, मनापासून आभार. पण जपान का कापलंत? आमच्यातल्या एकाचा सगळा उत्साह त्याच बाटलीवर आहे.

लीथकर

कापलं, कारण तुम्हाला एक वेगळी चव हवी आहे, झेंडा नको आहे. जपानी व्हिस्की मुळात स्कॉटिश घराण्यातली. यामाझाकीची डिस्टिलरी १९२३ ची. ती उभारायला सनटोरी कंपनीचे संस्थापक तोरी यांना ज्या ताकेत्सुरूंची मदत झाली ते स्कॉटलंडमध्ये शिकून गेले होते, आणि त्यांनीच १९३४ मध्ये योइचीला निक्का या दुसऱ्या कंपनीची सुरुवात केली. शिवाय बरीच वर्षं बाहेरून आणलेली व्हिस्की मिसळून ‘जपानी’ म्हणून विकायला तिथे मोकळीक होती. तिथल्या उत्पादकांच्या संघटनेने २०२१ मध्ये नियम केले: पाणी जपानचं, गाळणं जपानात, किमान तीन वर्षं मुरणंही जपानात. एप्रिल २०२४ पासून ते पूर्णपणे लागू झाले. निक्का फ्रॉम द बॅरल या नियमात बसत नाही, आणि हे कंपनी स्वतःच सांगते. तरी चवीला उत्तम आहे! मित्र रुसणार असेल तर सहावी म्हणून सनटोरीची तोकी घ्या, पण चाखून झाल्यावर सोडा घालून. तिथे ती खुलते.

लुईव्हिलचा_बंड्या

माझं नाव न घेता हाक मारलीत, आलो.

बर्बनचं गणित सोपं आहे. धान्यात किमान ५१ टक्के मका, आणि पिंप नवं कोरं, आतून जाळून कोळसा केलेलं ओक. त्या पिंपात बर्बन एकदाच मुरवायची. रंग किंवा चव वरून घालायची नाही. लाकूड नवं असल्याने व्हॅनिला, कॅरमेल सगळं भसाभसा उतरतं. रिकामी झालेली पिंपं जातात स्कॉटलंडला, आयर्लंडला, बंगळूरला. जगातली निम्मीअधिक सिंगल माल्ट आमच्या उष्ट्यात मुरते असं इथे गमतीने म्हणतात.

मेकर्स मार्कमध्ये मक्याबरोबर राय या धान्याऐवजी गहू असतो, म्हणून ती मऊ लागते. मला विचाराल तर पहिल्यांदा चाखणाऱ्याला राय असलेली द्यावी, वाइल्ड टर्की १०१ सारखी. मिऱ्यासारखा झटका बसला म्हणजे धान्याचा फरक लक्षात राहतो. लीथकरांच्या यादीत माझा एवढाच बदल. आणि ती १०१ म्हणजे साडेपन्नास टक्के, तेव्हा सांभाळून.

जॅक डॅनियल्स आणू नका असं म्हणत नाही, पण ती टेनेसीची. मेपलच्या कोळशातून गाळून मग पिंपात भरतात, त्यामुळे जरा निराळी. शिवाय ती तुम्ही कोलाबरोबर अनेकदा प्यायला असालच.

मडगावकार

गोव्याचं कोणीच नाव घेत नाही म्हणजे काय! कुंकळ्ळीला पॉल जॉन बनते, इथून तासाभराच्या आत. बोल्ड घ्या, तीही पीटवाली. लाफ्रोएगचे पैसे वाचतील.

लीथकर

पॉल जॉन मलाही आवडते, पण लाफ्रोएगच्या जागी नको, अमृतच्या जागी चालेल. धूर सारखा असला तरी अंगकाठी वेगळी. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के उडून जातं, बंगळूरला दहा-बारा टक्के. उकाड्यात लाकूड भरभर आत-बाहेर करतं, म्हणून आपल्याकडची माल्ट चार-सहा वर्षांतच तयार होते, आणि जास्त ठेवली तर लाकडाचा कडवटपणा येतो. बाटलीवर वय नाही म्हणून तिला कमी लेखू नका. वयाचा आकडा थंड हवेत अर्थपूर्ण असतो, गोव्याच्या हवेत त्याचा हिशेब लागत नाही.

तिखटमीठ

मग आपली नेहमीची, गल्लीच्या तोंडावरच्या दुकानातली व्हिस्की कुठे बसते? तिला कुणी विचारतच नाही.

लीथकर

बऱ्याच स्वस्त भारतीय व्हिस्क्यांचा पाया मळीतून गाळलेलं स्पिरिट असतो, त्यात थोडी माल्ट. म्हणजे तुमची ओल्ड मंक आणि ती, दोघींचं माहेर साखर कारखाना. युरोपात अशा बाटलीला व्हिस्की म्हणून विकता येत नाही, तिथे धान्यच लागतं. प्यायला काही हरकत नाही, पण या रांगेत ठेवली तर बाकीच्यांशी तुलना जमणार नाही.

नाक_शाबूत

बाटल्यांवर पुरेशी चर्चा झाली, आता पद्धतीवर. ती चुकली तर वरचा सगळा खर्च सोड्यात.

प्रत्येकी १५ मिली ओता. पाच मिळून ७५ झाले, म्हणजे अडीच छोटे पेग. त्यापलीकडे जीभ काही सांगत नाही, फक्त गप्पा वाढतात. ग्लास वरच्या बाजूला निमुळता हवा. ग्लेनकेर्न मिळाला तर उत्तम, नाहीतर वाइनचे छोटे ग्लास. रुंद तोंडाच्या पेल्यात वास पसरून जातो.

बर्फ नको. थंडीने वास बसतात, आणि चवीचा बराच भाग वासच असतो. ग्लास नाकात खुपसू नका. हनुवटीशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा, हळूहळू वर आणा. पहिला घोट फक्त तोंड सरावण्यासाठी, त्यावरून मत बनवू नका.

पाणी जरूर, पण थेंबांनी, चमच्याने. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी संगणकावर गणित मांडून दाखवलं की अल्कोहोल ४५ टक्क्यांच्या आत आलं की ग्वायकॉल, म्हणजे धुरकट वासाचा एक रेणू, द्रवाच्या पृष्ठभागाकडे राहतो, आणि ५९ च्या वर गेलं की आत दडतो. पन्नाशीतल्या फ्यूजनवर हे करून बघा: आधी नुसती, मग अर्धा चमचा पाणी घालून.

रंग बघून भुलू नका. स्कॉचमध्ये कॅरमेलचा रंग घालायला परवानगी आहे, तेव्हा गडद म्हणजे जुनी असं काही नाही. म्हणून बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळा, आकडे टाका, आणि जो पीत नाही त्याच्याकडून ओतवून घ्या. प्रत्येकाने आधी कागदावर लिहायचं, मग बोलायचं. हे फार महत्त्वाचं. कंपूत एक तरी मोठ्या आवाजाचा असतो. तो ‘व्हॅनिला!’ म्हणाला की पुढे सगळ्यांना व्हॅनिलाच येतो.

शंभरपैकी गुण देत बसू नका. तीन प्रश्न पुरतात: वासात काय सापडलं, तोंडात काय बदललं, गिळल्यावर किती वेळ टिकलं. आणि नाशपती-चामडं सापडलं नाही म्हणून ओशाळू नका. ते लिहिणाऱ्याचं घर तसं होतं. तुम्हाला काकवी, जायफळ, ओलं गोणपाट जे येईल ते लिहा. पुड्या नसतात त्या, पण उसन्या आणल्या की पुड्याच होतात.

चकणा शेवटी. मधे साधं पाणी आणि चुरमुरे. कांदा, लसूण, अत्तर, उदबत्ती त्या खोलीत नको.

मडगावकार

उदबत्तीचं बरोबर सांगितलंत. आमच्याकडे एकदा बाजूच्या खोलीत धूप चालू होता, प्रत्येक बाटली पीटवाली निघाली.

पेठेतला_वकील

मंडळी, एक कोरडी सूचना. महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, आणि व्हिस्कीसाठी वय २५ पूर्ण हवं. परवाना दुकानात मिळतो, घेऊन टाका. परदेशातून येणाऱ्याला दोन लिटर आणता येतात, तेव्हा ज्या बाटल्या इथे मिळत नाहीत त्या कोणाला तरी आधीच सांगून ठेवा. आणि घरी जाताना रिक्षा.

सिंहगडरोडी

झाली बैठक! वृत्तांत देतो म्हणालो नव्हतो, पण द्यायलाच हवा.

पाचही घेतल्या, मेकर्स मार्कच ठेवली (बंड्या, क्षमस्व, १०१ मिळाली नाही). भाचीने ओतलं. लाफ्रोएग सगळ्यांनी ओळखली, त्यात काही कौतुक नाही. रेडब्रेस्टला कोणी पहिला क्रमांक दिला नाही आणि कोणी शेवटचाही नाही. ग्लेनड्रोनाकवर एकाने लिहिलं, ‘दिवाळीच्या अनारशांच्या डब्याचं झाकण’. यावर बराच वेळ कोणी हसायचं थांबलं नाही, पण हुंगल्यावर सगळ्यांना पटलं.

गोची झाली ती बर्बन आणि अमृतमध्ये. तिघांनी आधी अमृतला अमेरिकन म्हटलं आणि अमेरिकनला अमृत. दोन्हीकडे व्हॅनिला, दोन्हीकडे लाकूड. असं का व्हावं?

लुईव्हिलचा_बंड्या

कारण लाकूड एकच, भाऊ! आमची नवी पिंपं आणि तिथे आमचीच वापरलेली, वर दोन्हीकडे उन्हाळा कडक. केंटकीच्या कोठारांत उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर उभं राहवत नाही. पुढच्या वेळी गिळल्यानंतरचं बघा. मक्याचा गोडवा तोंडात पुढे, ओठांजवळ रेंगाळतो. फ्यूजनचा शेवट कोरडा, मागे थोडा धूर.

लीथकर

आणि पाणी घालून. बर्बन पाण्याने बारीक होते, गोडच राहते. फ्यूजनमध्ये दडलेला धूर वर येतो. तिघांनी चुकीचं ओळखलं ते फार छान झालं. बाटल्या उघड्या ठेवल्या असत्या तर पाचही जणांनी छातीठोकपणे बरोबर उत्तर दिलं असतं आणि काहीच कळलं नसतं.

पुढच्या वेळी एकच डिस्टिलरी घ्या, पिंपं वेगळी. पाच बाटल्या लागणार नाहीत, दोन पुरेत.

सिंहगडरोडी

ठरलं. शेवटचा प्रश्न: बाटल्या निम्म्या उरल्यात. वाइनसारख्या आडव्या ठेवू का?

नाक_शाबूत

अजिबात नको. उभ्याच. आडवी ठेवली तर इतकं अल्कोहोल बुचाला खाऊन टाकतं. कपाटात, उन्हापासून लांब. निम्म्याच्या खाली गेली की आतल्या हवेने वास हळूहळू उतरतो, म्हणून लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, वर नाव आणि तारीख लिहून. लाफ्रोएग ज्या बाटलीत भराल तीत पुन्हा दुसरं काही भरू नका.