सुरुवात वरवरचीच असते
गेम, सिनेमे, गाणी यांतून जुळलेल्या ओळखी उथळ असतात, असं काही जण म्हणतात; मला ते अजिबात पटत नाही. सुरुवातीला कुठली ओळख वरवरची नसते? खरी अडचण पहिला शब्द काढण्याची असते, आणि तो शब्द या गोष्टी हातात देतात.

२०१६ मध्ये पोकेमॉन गो हा मोबाइल गेम आला; खऱ्या रस्त्यांवर फिरत फोनमधले पोकेमॉन नावाचे काल्पनिक प्राणी पकडायचे. पुढच्याच वर्षी त्यात 'रेड' आली, म्हणजे एका ठरावीक जागी अनेकांनी मिळून एका बलाढ्य पोकेमॉनशी द्यायची लढत. त्यातला सगळ्यात ताकदवान पोकेमॉन एकट्याला हरवणं जवळपास अशक्य, वर घड्याळ चालू. त्यामुळे अनोळखी माणसांना एकाच जागी जमावंच लागायचं. अशा एका घोळक्यात मी होतो. हेल्मेटही न काढता उभा असलेला डिलिव्हरीवाला, एक शाळकरी मुलगी आणि सत्तरीच्या आजी. पोकेमॉन पकडायला स्क्रीनवर बोट नेमकं कसं सरकवायचं, हे ती मुलगी आजींचं बोट धरून शिकवत होती. पोकेमॉन पकडला गेला तेव्हा आम्ही चौघंही ओरडलो!

पुढे आजी दोन आठवडे दिसल्या नाहीत. पत्ता शोधत त्यांच्या दारात पहिली पोचली ती हीच मुलगी.