चौथीचं गणित गणपतीपर्यंतच संपलं, आता लेक कंटाळतेय. होमस्कूलिंगवाल्यांनी सल्ला द्या

गोदाकाठची

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या. माझी लेक साडेनऊ वर्षांची आहे, आम्ही नाशिकला असतो, आणि दुसरीनंतर तिला शाळेतून काढून घरीच शिकवतोय. शाळेत असती तर आता चौथीत असती. बालभारतीची मराठी माध्यमाची पुस्तकं धरलीयेत, पीडीएफ फुकट मिळतात त्यामुळे सोपं पडतं, इंग्रजी वेगळं करतो. जूनमध्ये चौथीचं गणित काढलं आणि गणपती येईपर्यंत पुस्तक संपलं. परिसर अभ्यासाचं तर तिने सुट्टीतच गोष्टीच्या पुस्तकासारखं वाचून टाकलं होतं.

मग मी काय केलं, तर सरावासाठी वर्कबुकं आणली. आणि तिथून सगळं बिनसलं. आता रोज सकाळी एकच, "आई हे येतंय मला, परत कशाला?" परवा वजाबाकीची वीस उदाहरणं दिली होती, तासाभराने जाऊन बघते तर तीन सोडवलेली आणि बाकी पानभर चित्रं. प्रत्येक आकड्याला हातपाय काढलेले, आणि हातचा घ्यायचा तिथे तो आकडा वाटी घेऊन शेजारच्या आकड्याच्या दारात साखर मागायला उभा. मला राग पण येईना, कारण तिला ते किती नीट कळलंय हे त्या चित्रातच दिसत होतं.

बाकी दिवसभर तिचं काहीतरी चालू असतं. खोक्यांची लिफ्ट केलीये, दोऱ्याच्या रिळाची कप्पी लावून, त्यात भावाच्या गाड्या वरखाली जातात. भावाला रात्री गोष्ट सांगते ती तास तास संपत नाही, रोज पुढचा भाग. पण तीच गोष्ट लिही म्हटलं की चार ओळी, त्याही कशातरी.

नवरा म्हणतो पाचवीचं सुरू कर सरळ. सासूबाईंचं म्हणणं शाळेत घाला परत, बरोबरीची मुलं असली की आपोआप जमेल. मला मात्र एका गोष्टीची जास्त काळजी वाटतेय. मागच्या आठवड्यात बुद्धिबळाचं एक कोडं तिला सुटलं नाही तर तिने पट मिटवून टाकला आणि रडायला लागली, "मला नाही येत, मी परत नाही खेळणार". म्हणजे सोपं दिलं तर कंटाळा आणि अवघड दिलं तर हे. अभ्यासाची आखणी नेमकी कशी बदलू? कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

डोंगरवाट

माझा मुलगा तेराचा आहे, पुण्यात असतो, आम्ही सुरुवातीपासून घरीच. तुमची पोस्ट वाचून आमचे दिवस आठवले.

आधी ती वर्कबुकं बंद करा. जे येतं त्याचा आणखी सराव ही हुशार मुलाला शिक्षाच वाटते, लवकर काम संपवलं म्हणून आणखी काम. आमच्याकडे काय चालतं सांगते. धडा उघडायच्या आधीच त्याच्या शेवटच्या सरावसंचातली सगळ्यात अवघड पाच उदाहरणं द्यायची. चार बरोबर आली, रीत सांगता आली, की तो धडा झाला, परत त्याकडे बघायचं नाही. जे अडलं तेवढंच शिकवायचं. असं केलं की चौथी-पाचवीचं बरंचसं गणित खूप कमी वेळात होतं आणि मग खरा प्रश्न येतो की उरलेल्या वेळाचं काय. तो वेळ पुढच्या इयत्तेने भरायचा नाही असं माझं स्पष्ट मत आहे, निदान सगळाच्या सगळा नाही. कारण बघा, एनआयओएसची (घरी शिकून परीक्षा देता येते ती राष्ट्रीय मुक्त शाळा) दहावी द्यायला किमान १४ वर्षं पूर्ण लागतात. त्याआधीच्या त्यांच्या तिसरी, पाचवी, आठवीच्या पातळ्या आहेत, त्या द्यायच्या तर द्या. पण कितीही धावलात तरी दहावीच्या दारात थांबायचंच आहे. तुमच्या हातात चार वर्षांच्या वर वेळ आहे, मग घाई कशाची? आडवं पसरा, खोल जा.

तिला पुठ्ठ्याचं वेड आहे ना, मग तिला पुठ्ठ्याचा रामशेज किल्ला करू द्या. चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास आहेच, त्याच्या थोडं पुढे गेलं की संभाजी महाराजांच्या काळात याच छोट्याशा किल्ल्याने मुघल फौजेला कितीतरी वर्षं दमवलं, आणि तो तुमच्या नाशिकच्या उशाशीच आहे. आधी किल्ला चढून या. मग सर्व्हे ऑफ इंडियाचा त्या भागाचा १:५०,००० चा नकाशा घ्या, त्यात दर २० मीटर उंचीला एक समोच्च रेषा असते, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेष. त्यावर ४ मिलिमीटरचे चौकोन आखायचे आणि मोठ्या कागदावर २ सेंटिमीटरचे, आणि एकेका चौकोनातली रेष इकडून तिकडे उतरवायची. नकाशा पाचपट झाला, म्हणजे १:१०,०००. मग एकेका रेषेच्या आकाराचा पुठ्ठा कापून एकावर एक रचायचा. आता २० मीटर म्हणजे किती जाड पुठ्ठा? तिला काढू दे. उत्तर २ मिलिमीटर येतं, बायंडिंगवाल्याकडे तेवढ्या जाडीचा पुठ्ठा मिळतो. पण तुम्ही मुद्दाम खोक्याचाच पुठ्ठा द्या, तो साधारण ३ मिलिमीटर असतो. मग डोंगर खऱ्यापेक्षा दीडपट उंच होणार. हे तिला कधी लक्षात येतं आणि ती त्यावर काय तोड काढते ते बघा, तिथे तुम्ही अजिबात बोलायचं नाही. गुणोत्तर प्रमाण चौथीत नाहीच, पण ते तिला इथे लागणार म्हणून ती ते शिकणार. आमच्या मुलाने सिंहगड केला होता, महिनाभर घरात पाय ठेवायला जागा नव्हती पण दशांश अपूर्णांक मला वेगळे शिकवावे लागले नाहीत.

आणि पुण्याला आलात तर आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, तिची चौकशी करा. अरविंद गुप्तांची टाकाऊतून विज्ञानाची खेळणी तर त्यांच्या साइटवर ढीगभर आहेत, तुमच्या लिफ्टवालीला महिनोन्महिने पुरतील.

निवृत्त_मास्तर

ताई, तीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे राहवत नाही म्हणून लिहितो. डोंगरवाट यांनी सांगितलेलं योग्यच आहे. मी फक्त त्या वजाबाकीबद्दल बोलतो.

तुम्ही नाशिकच्या, आणि देवळालीला शाळेत मास्तर होते ते द. रा. कापरेकर. १९०५ चा जन्म, मूळ डहाणूचे, आयुष्यभर शाळेत शिकवलं आणि आकड्यांशी खेळले. त्यांचं ६१७४ तिला द्या. कुठलाही चार अंकी आकडा घ्यायचा, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक मोठ्याकडून छोट्याकडे लावायचे, मग उलटे लावायचे, मोठ्यातून लहान वजा. जे येईल त्याचं परत तेच. समजा ३५२४ घेतला. ५४३२ वजा २३४५, आले ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आता ६१७४ चं करा, ७६४१ वजा १४६७, परत ६१७४च. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच पोचता. हे त्यांनी १९४९ साली मांडलं.

आता गंमत बघा, तुमच्या वर्कबुकातल्या वीस वजाबाक्या तिला नको होत्या, इथे ती चाळीस करेल, कारण तिला बघायचं असेल की हे खरंच दर वेळी होतं का. आणि मध्ये हातचा चुकला तर आकडा भरकटतो, म्हणजे तपासणीही आपोआप, तुम्हाला लाल पेन घेऊन बसायला नको. पण उत्तर ६१७४ येणार हे आधी सांगून टाकू नका हो. तिचं तिला सापडू दे.

त्यानंतर तीन अंकी करू दे, तिथे वेगळाच आकडा मिळतो. मग दोन अंकी, तिथे आणखी वेगळं, एका आकड्यावर थांबतच नाही, ८१, ६३, २७, ४५, ९ (म्हणजे ०९) असं गोल गोल फिरतं. आणि हे सगळे नऊच्या पाढ्यातलेच का, हा प्रश्न तिच्याकडून यायची वाट बघा. आला तर तिला ४१ उणे १४ म्हणजे चार दहा आणि एक, वजा एक दहा आणि चार, असं सुटं करून मांडायला सांगा. साडेनऊच्या मुलीला झेपतं, शिकवताना पाहिलंय. बीजगणित याच्या पलीकडे फार लांब नाही.

पाचवीचं पुस्तक काढून हे मिळणार नाही, तिथे फक्त आकडे मोठे होतात.

बाबा_ऑन_ड्यूटी

मी थोडं वेगळं मांडतो. खोल जा, आडवं पसरा हे ठीक आहे पण पुढे जाऊच नका असंही नको. माझी मुलगी गणितात इयत्तेच्या दोन वर्षं पुढे होती आणि तिला खरंच अपूर्णांक, बीजगणित पाहिजे होतं, कोडी आणि प्रोजेक्ट नको होते. आम्ही जाऊ दिलं. भाषेत ती वयाप्रमाणेच होती, तिथे तसंच ठेवलं. होमस्कूलिंगचा हाच तर फायदा आहे की सगळे विषय एकाच इयत्तेत असायची सक्ती नाही. त्यामुळे गोदाकाठची, नवऱ्याचं म्हणणं पूर्ण उडवून लावू नका. पाचवीचं पुस्तक समोर ठेवा आणि तिलाच विचारा यातलं काय बघायचंय. मूल स्वतः पुढे धावतंय का आपण ढकलतोय, एवढाच फरक बघायचा.

ऱ्हाइनकाठी

आम्ही जर्मनीत, इथे होमस्कूलिंगला परवानगी नाही, मुलांना शाळेत जावंच लागतं, त्यामुळे मराठी आणि बाकीचं मी दुपारी करून घेते. माझा मुलगाही असाच, तोंडाने महाभारत आणि कागदावर चार ओळी. गोष्ट सुचणं आणि गोष्ट लिहून काढणं ही दोन वेगळी कामं आहेत, ती वेगळीच करून टाका. तिला फोनवर गोष्ट सांगू द्या, मराठी व्हॉइस टायपिंग आता बऱ्यापैकी चालतं. मग ते प्रिंट करून तिच्या हातात द्या. त्यात भयंकर चुका असतात, कुठे वाक्य तुटलेलं, कुठे भलताच शब्द, विरामचिन्हं तर नसतातच. आपल्याच गोष्टीची अशी दशा बघून मुलं हिरीरीने दुरुस्त करायला बसतात. शुद्धलेखन, विरामचिन्हं, परिच्छेद, सगळं तिथे होतं, आणि मग एखादा भाग ती स्वतः हाताने सुवाच्य लिहून चित्रं काढून भावासाठी पुस्तक करेल. रोज नको पण. एका गोष्टीवर दोन-तीन आठवडे घालवू द्या.

समुपदेशक_कोल्हापूर

सगळे चांगलं सांगतायत, मला दोन गोष्टी वाटल्या त्या लिहिते.

एक तर लिहिण्याची. तास तास गोष्ट सांगणारी मुलगी लिहिताना चार ओळींवर थांबते, तर तो नुसता कंटाळाच आहे असं धरून चालू नका. हात दुखतो का, अक्षर ओळीवर राहतं का, फळ्यावरचं किंवा पुस्तकातलं उतरवून काढताना खूप वेळ लागतो का, अक्षरं उलटीसुलटी होतात का, डोळे तपासलेत का, हे बघा. खूप हुशार आणि त्याच वेळी लेखनात खरी अडचण असलेली मुलं असतात, आणि त्यांच्या हुशारीमुळे ती अडचण वर्षानुवर्षं झाकली जाते, मग घरचे म्हणत राहतात की मनात आणलं तर करेल. चित्रं बारकाईने काढते म्हणजे कदाचित काही नसेलही. पण शंका आली तर तपासणी करून घ्या, मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये लर्निंग डिसॅबिलिटीचं क्लिनिक आहे, नाशिकमध्ये तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा. पुढे परीक्षेत लेखनिक, जास्त वेळ वगैरे सवलती लागल्या तर त्यासाठीही कागद लागतात.

दुसरं ते बुद्धिबळाचं. मला तुमच्या पोस्टमधलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. आजवर तिला सगळं पहिल्या झटक्यात आलंय, त्यामुळे न येणं म्हणजे काय हे तिला माहीतच नाही, तिला वाटतं आपलं हुशार असणंच गेलं. अभ्यास बदलताना कसोटी हीच ठेवा की रोज थोडा वेळ तरी तिच्यासमोर असं काही असलं पाहिजे जे तिला लगेच येणार नाही. पण थोडाच वेळ, पंधरा-वीस मिनिटं, आणि अर्धवट सोडून उद्या परत उघडायची पूर्ण मुभा. घरात "किती हुशार गं" जरा कमी करा. "काल तू इथे अडली होतीस, आज वेगळं काय केलंस?" असं विचारा. आणि घरातल्या मोठ्यांनी तिच्यासमोर काहीतरी नवीन शिकावं, अडखळत. पेटी म्हणा, पोहणं म्हणा. तिला बघू द्या की मोठ्यांनाही येत नसतं आणि कोणी पट मिटवत नाही.

सासूबाईंचा मुद्दा पण टाकून देऊ नका. शाळा नको तर नको पण तिच्यासारखी खटपटी दोन-तीन मुलं आठवड्यातून एकदा भेटली पाहिजेत, वयाने मोठी असली तरी चालेल.

गोदाकाठची

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप थँक्यू. नवऱ्यालाही वाचून दाखवलं. वर्कबुकं माळ्यावर गेली. डोळे या आठवड्यात तपासून घेते, उतरवून काढायला तिला खरंच वेळ लागतो, मी त्याकडे या नजरेने बघितलंच नव्हतं.

रामशेज पाऊस थांबला की. घरी बोलले तर आत्तापासूनच खोकी गोळा करायला लागलीये, शेजारच्या किराणावाल्याला सांगून ठेवलंय तिने.

मास्तर, कापरेकरांचा खेळ आज सकाळी दिला. तिसऱ्या आकड्याला परत ६१७४ आल्यावर ती उठून आजीकडे गेली, आजीला आकडा सांगायला लावला, मग आजोबांना. एकदा ६१७४ येईचना, ओरडली "आजोबांचा आकडा खोटा आहे!" आणि मग स्वतःच शोधून काढलं की हातचा विसरला होता. रडली नाही. दुपारी दोन अंकी करताना नऊचा पाढा तिनेच पकडला. आता विचारतेय पाच अंकांचं काय होतं. मी इंटरनेटवर बघून सांगू का तिला?

निवृत्त_मास्तर

अजिबात नको ताई! चार अंकांसारखं तिथे होत नाही, एवढं फक्त तुमच्यासाठी. तिला मोठी चौकटीची वही द्या, आणि प्रत्येक आकड्याचा सगळा प्रवास तारीख घालून लिहायला सांगा, चुकलेलाही खोडायचा नाही. दोन-चार दिवस काहीच कळणार नाही, चिडेल कदाचित, तेव्हा वही बंद करून पुठ्ठे कापू देत. आणि समुपदेशक बाईंनी सांगितलंय तसं तुम्हीही एक वही घेऊन शेजारी बसा. तिला काही सापडलं की तिच्याच शब्दात इथे टाका, मी वाट बघतो.