मोबाईलला लावायचा थर्मल कॅमेरा: पत्रा, डीबी आणि स्लॅबचे आकडे पटत नाहीत

गिरणाकाठ
राम राम मंडळी. जळगावात दुमजली घर आहे, वर आरसीसी स्लॅब, मागे स्वयंपाकघरावर नवाकोरा गॅल्व्हनाइज्ड पत्रा. टाइप-सीला लागणारा २५६ × १९२ पिक्सेलचा थर्मल कॅमेरा घेतला आहे. बाहेर ४३-४४ अंश असताना तीन गोष्टी दिसल्या, तिन्हींचा अर्थ लागत नाही.

दुपारी दीडला गच्चीवरून पत्रा २४ अंश दाखवतो. हात ठेवला तर फोड येईल.

इलेक्ट्रिशियनने डीबीचं (घरभर वीज वाटणाऱ्या पेटीचं) झाकण काढलं तेव्हा एसीच्या २० अँपिअर एमसीबीचा (जादा करंटला आपोआप पडणाऱ्या स्विचचा) खालचा स्क्रू ६१ अंश होता, शेजारच्या एमसीबी ४३-४४. एसी दीड टनाचा, तासभर चालू होता.

वरच्या बेडरूमच्या छताला कोपऱ्यात निळा पट्टा दिसतो, आजूबाजूपेक्षा अडीच अंश थंड. नुसत्या डोळ्यांना काही नाही, रंगही शाबूत. पावसाळा तोंडावर आलाय, म्हणून वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवायचं की नाही ते आत्ताच ठरवायचं आहे.

शिवाय कॅमेरा मधेच बंद पडतो. काढून लावला की पुन्हा चालतो.

पेचकस
भाऊ, आधी डीबी. बाकीचं निवांत बघू.

दीड टनाचा एसी साधारण ७-८ अँपिअर ओढतो, म्हणजे २० च्या एमसीबीला अर्ध्याहून कमी लोड. एवढ्यावर स्क्रू ६१ ला जात असेल तर संशय सांध्यावर. पण तुलना नीट करा. शेजारच्या एमसीबी लाइट-पंख्याच्या असतील तर त्या थंडच राहणार. गिझरच्या एमसीबीशी ताडून बघा: २००० वॉटचा गिझर ८.७ अँपिअर घेतो, जवळपास एसीएवढाच. दोन्ही २०-३० मिनिटं चालवा. सध्या टाकीतलं पाणीच तापलेलं असतं, त्यामुळे थर्मोस्टॅट लवकर वीज तोडतो. गरम नळ बारीक धारेने चालू ठेवा. सारख्या लोडवरच्या सारख्या भागांत १५ अंशांहून जास्त फरक असला की दुरुस्ती लगेच, असा तपासणीतला दंडक आहे. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून ८ अँपिअरला जो सांधा एवढा तापतो तो १६ ला चौपट उष्णता काढेल.

मग गरम डाग कुठून सुरू होतो ते पाहा. स्क्रूपाशी सर्वांत गरम आणि वायरीवर तीन-चार इंचांत उतरत गेला, तर सांधा ढिला. वायर लांबवर सारखीच गरम असेल तर वायर बारीक आहे; एसीला ४ चौरस मिमी हवी, कित्येक घरांत २.५ चीच ओढलेली असते. एमसीबीचं पोट गरम आणि दोन्ही स्क्रू त्यापेक्षा थंड, तर आतला कॉन्टॅक्ट गेलाय, एमसीबी बदला.

आणि खरं तापमान ६१ हून जास्तच धरा. चकचकीत स्क्रू कॅमेऱ्याला खरं तापमान सांगत नाही. स्क्रूला लागून असलेल्या वायरीच्या पीव्हीसी इन्शुलेशनवर नेम धरा, ते बऱ्यापैकी खरं बोलतं. साध्या पीव्हीसी वायरीची मर्यादा ७० अंश असते. अंतर अर्ध्या मीटरच्या आत हवं. ५६ अंशांच्या लेन्सला एक मीटरवर एक पिक्सेल जवळपास ४ मिमीचा पडतो आणि भरवशाच्या आकड्याला निदान ३ × ३ पिक्सेल लागतात, म्हणजे १२ मिमी. तुमचा स्क्रू ६ मिमीचा. लांबून घेतलात तर स्क्रू आणि आजूबाजूचं प्लास्टिक यांची सरासरी मिळते.

दुरुस्तीत नुसता स्क्रू आवळू नका. मेन बंद करून, मल्टीमीटरने वीज नसल्याची खात्री करून वायर बाहेर काढायची (मेनच्या वरच्या बाजूला मीटरकडची वायर तेव्हाही जिवंत असते, हे काम इलेक्ट्रिशियनलाच द्या). काळवंडलेलं तांबं आणि कडक झालेलं इन्शुलेशन कापून टाकायचं, नव्याने सोलायचं, बहुतारी वायरीच्या टोकाला पिन लग (तारा एकत्र धरणारी धातूची टोपी) दाबायचा आणि एमसीबीवर किंवा खोक्यावर दिलेल्या टॉर्कने (पिळाच्या जोराने) आवळायचं. स्क्रूखाली इन्शुलेशन चावलं गेलंय का तेही बघा, निम्मे ढिले सांधे तिथेच निघतात. न्यूट्रल लिंकचा (सगळ्या न्यूट्रल वायरी जोडलेल्या पट्टीचा) फोटो घ्यायला विसरू नका. सगळे फेजकडे बघतात आणि जळलेलं न्यूट्रल निघतं.

धाब्याचं_घर
२४ हा आकडा पत्र्याचा नाही, आभाळाचा आहे.

नव्या गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची एमिसिव्हिटी (स्वतःची उष्णता बाहेर टाकायची क्षमता, जास्तीत जास्त १) ०.२ च्या आसपास. म्हणजे कॅमेऱ्यात येतं त्यातलं पाचवा हिस्सा पत्र्याचं, बाकी समोरच्याचं प्रतिबिंब. समोर निरभ्र आभाळ, आणि ते या कॅमेऱ्याला शून्याच्या आसपास किंवा खाली दिसतं. काळ्या इन्शुलेशन टेपचा दोन इंची तुकडा पत्र्यावर घट्ट चिकटवा, दोन-तीन मिनिटं थांबा, ॲपमध्ये ०.९५ ठेवून फक्त टेपवर नेम धरा. साठीच्या पुढचा आकडा आला तर नवल नाही. ॲपमध्ये ०.२ टाकून हिशेब जुळवायच्या फंदात पडू नका, ०.५-०.६ च्या खाली कॅमेरा चूकच गुणून दाखवतो. चुना, ऑइल पेंट, गिलावा, वीट, कोबा, लाकूड हे सगळं ०.९ च्या वर, तिथे ०.९५ चालतं. पांढरा रंगही. उन्हाला तो परतवतो, पण या कॅमेऱ्याच्या लहरींना, म्हणजे ८ ते १४ मायक्रॉनला, काळ्या रंगासारखाच असतो. म्हणून गच्चीला चुना मारण्याआधीचे आणि नंतरचे फोटो खुशाल ताडून बघता येतात. मात्र दोन बाय दोन फुटांचा तुकडा रंगवून खालून फरक शोधू नका, स्लॅबमध्ये उष्णता बाजूने पसरते आणि काही दिसत नाही. तुकडा निदान पाच बाय पाच फुटांचा घ्या.

काच, स्टीलची भांडी, चकचकीत टाइल इथेही हाच घोळ. तुम्ही बाजूला सरकलात आणि डागही सरकला, तर ते प्रतिबिंब.

आता स्लॅबचा निळा पट्टा. मेमध्ये हवा कोरडी असते, ओलीतून पाणी भराभर उडतं आणि तेवढा भाग थंड पडतो, म्हणून ओल शोधायला हे दिवस उत्तम. जुलैत हवा दमट झाली की तोच डाग कॅमेऱ्यातून नाहीसा होतो आणि लोक म्हणतात गळती बंद झाली. पण एक विचार करा: ऑक्टोबरपासून इथे पाऊस नाही. पावसाची ओल एव्हाना वाळलेली असायला हवी. आज ओल असेल तर पाणी रोजचं आहे, म्हणजे टाकी, टाकीचा पाइप, एसीचा ड्रेन किंवा गच्चीवर सोडलेलं कूलरचं पाणी.

आणि ओल नसेलही. त्या कोपऱ्याच्या वर काय आहे? भिंतीपासून टेपने मोजा, तेवढंच अंतर गच्चीवर मोजून खडूने खूण करा.

गिरणाकाठ
आते समजनं. मोजलं. पट्ट्याच्या बरोबर वर १००० लिटरची काळी टाकी आहे, विटांच्या ओट्यावर. म्हणजे सावली? की टाकी गळते?

धाब्याचं_घर
दोन्ही शक्य आहे, वेळेवरून ओळखायचं. साडेचार-पाच इंची स्लॅबला ऊन वरून खाली यायला तीन-चार तास लागतात, वर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) असेल तर अजून जास्त. छत सर्वांत तापतं ते दिवे लागणीनंतर. एसी संध्याकाळपासून बंद ठेवा, थंड झोत छताला लागत असेल तर तोही असाच पट्टा काढतो. पलंगाच्या एकाच कोपऱ्यावर उभं राहून रात्री ९ ला एक फोटो, पहाटे साडेपाचला दुसरा. सावलीचा पट्टा रात्री ठळक असतो, पहाटेपर्यंत फिका पडतो किंवा उलटतो, कारण उघडी स्लॅब आभाळाला उष्णता देऊन निवते आणि टाकीखालची झाकलेली राहते. ओलीचा पट्टा पहाटेही थंडच. आकारही बघा. सावलीची कड मऊ आणि ओट्याच्या मापाची, ओलीची वेडीवाकडी, बहुतेक वेळा भेगेच्या किंवा तुळईच्या कडेने पसरलेली.

पहाटेही थंड राहिला तर दोन टाचण्यांचं मॉइश्चर मीटर लावा. त्यावरचे टक्के लाकडासाठी असतात, गिलाव्यावर त्यांना अर्थ नाही. कोरड्या जागेचा आकडा घ्या आणि डागाच्या आकड्याशी ताडा.

मग पाणी कोंडायची परीक्षा. गच्चीच्या पाइपांची तोंडं गोणपाट आणि चिखलाने बंद करून दोन इंच पाणी, ४८ तास. दर १०० चौरस फुटांना सुमारे ४७० लिटर लागतं. टंचाईच्या दिवसांत सगळी गच्ची भरू नका, संशयाच्या जागेभोवती चिखलाचा बांध घाला. पाणी उडून कमी होतं, त्याला गळती समजू नका: शेजारी उन्हातच सरळ काठाच्या ट्रेमध्ये दोन इंच पाणी ठेवा, त्यात जेवढं उतरलं तेवढं वजा करा. खालून दर सहा तासांनी त्याच जागेवरून फोटो. पट्टा पसरला तर वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवा. पसरला नाही तर टाकीची फ्लँज (पाइप टाकीला जोडतो ती चकती) आणि पाइपाचा पहिला सांधा बघा.

भिंतीत गाडलेल्या (कन्सील) पाइपाची गळती शोधायला आपल्याकडे फुकटची सोय आहे. दुपारी ३ ला टाकीतलं पाणी भिंतीपेक्षा बरंच गरम असतं. एसीच्या खोलीला लागून पाइप असेल तर नळ दहा मिनिटं सोडा, भिंतीवर पाइपाची रेघ उमटते. नळ बंद केल्यावर रेघ एकाच जागी फुगत राहिली, तर गळती तिथे. कॅमेरा भिंतीच्या आत बघत नाही, भिंतीच्या पृष्ठभागावर उमटलेलं तेवढंच दाखवतो. पाइप दीड-दोन इंच खोल असेल तर रेघ यायलाच पाऊण तास जातो.

चार्जिंग_संपलं
कॅमेरा बंद पडण्याचं: फोन ओप्पो, रिअलमी किंवा वनप्लस आहे का? त्यांत ओटीजी (फोनला बाहेरचं उपकरण जोडायची सोय) सेटिंगमधून हाताने चालू करावं लागतं आणि वापर नसला की दहा मिनिटांत आपोआप बंद होतं. नसेल तर फोनचं जाड कव्हर काढून बघा, पिन पूर्ण आत बसत नाही. कायमचा उपाय म्हणजे सहा इंची टाइप-सी एक्स्टेंशन वायर, डेटा जाणारी. नुसती चार्जिंगची चालत नाही. डीबीत डोकावतानाही तिचा उपयोग होतो.

दुसरं, एसीच्या खोलीतून थेट गच्चीवर जाऊन घेतलेले आकडे फेकून द्या. कॅमेऱ्याचं स्वतःचं अंग तापत असताना आकडे सरकतात. लावल्यावर पाच-दहा मिनिटं सावलीत राहू द्या. मधेमधे टिक् असा आवाज येतो तो शटरचा, तेव्हा तो स्वतःला जुळवून घेतो. काही मॉडेलांवर वापराची मर्यादा ३५ अंशच लिहिलेली असते, आपल्या गच्चीवर दुपारी ती केव्हाच ओलांडली जाते. कॅमेरा सूर्याकडे रोखू नका, सेन्सरवर कायमचा डाग पडू शकतो.

निळा-लाल रंग बघून घाबरणं सोडा. ॲप चित्रातल्या सर्वांत थंड आणि सर्वांत गरम भागात रंग वाटून टाकतं, अर्ध्या अंशाचा फरकही भडक लाल दिसतो. स्पॅन (रंगांची खालची-वरची तापमान मर्यादा) लॉक करा, छतासाठी ३० ते ४५, डीबीसाठी ३५ ते ७५. कॅमेऱ्याचा नेहमीचा खरेपणा अधिक-उणे २ अंश असतो, पण एकाच चित्रातल्या दोन जागांतला फरक तो याहून खूप बारीक पकडतो.

वाळ्याची_ताटी
घेतलाच आहे तर कूलरही बघा, तो सर्वांत सोपा. पंप चालू करून पंधरा मिनिटांनी जाळीवर बाहेरून कॅमेरा धरा. ४३ अंश आणि १५ टक्के दमटपणा असला तर ओली गवताची ताटी २३ ते २५ दिसते. मधेच ३५ च्या वरची उभी पट्टी दिसली तर तिथे पाणी उतरतच नाही. बोअरच्या जड पाण्याने वरच्या पन्हाळीची भोकं क्षाराने बुजतात. खिळ्याने मोकळी करा, पन्हाळ व्हिनेगरमध्ये भिजवा. सगळ्या भोकांतून धार येऊनही खालचा भाग कोरडा असेल तर गवत खाली बसलंय, ताटी बदला. जाळीचा लोखंडी पत्रा चकचकीत असेल तर त्याचा आकडा धरू नका.

एसीच्या हवेचं तापमान कॅमेऱ्याला दिसत नाही. झोतासमोर कागदाची पट्टी मिनिटभर धरा, एक पट्टी वर हवा ओढतो तिथे, आणि पट्ट्यांचा फोटो घ्या. ८ ते १२ अंश फरक ठीक. फ्रिजच्या बाजूचा पत्रा गरम दिसला म्हणून मेकॅनिकला बोलावू नका, कंडेन्सरच्या नळ्या बऱ्याच फ्रिजांत तिथेच असतात. दाराच्या रबराभोवती थंड जीभ बाहेर आलेली दिसली तरच रबर बघा.

गॅसच्या टाकीत किती उरलंय तेही दिसतं. मोठा बर्नर पंधरा मिनिटं चालला की आतला द्रव उकळून थंड होतो आणि टाकीच्या लाल रंगावर आडवी रेघ उमटते: खाली थंड, वर खोलीएवढं. रेघ तळाच्या कड्यापाशी आली की दुसरी टाकी मागवा. पण गॅस गळतोय का हे या कॅमेऱ्याला कधीच दिसणार नाही, ते साबणाच्या पाण्यानेच बघायचं.

पेचकस
एक राहिलं. इन्व्हर्टर असेल तर बॅटरीचे दोन्ही टर्मिनल, वीज गेलेली असताना. १२ व्होल्टवर ८०० वॉटचा लोड म्हणजे सत्तर-ऐंशी अँपिअर. एवढ्या करंटला एक मिलिओहमचा सांधाही पाच-सहा वॉट तापतो. दोन्ही टर्मिनलांत १० अंशांहून जास्त फरक असेल तर गरम बाजूचा लग काढा, पांढरा-हिरवा थर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, पूर्ण वाळवा, आवळा, मग व्हॅसलीन. व्हॅसलीन आधी लावून मग आवळू नका.