शब्दचर्चा : ‘इव्हेंट-ड्रिव्हन’ला मराठीत काय म्हणावे?

मूळ प्रश्न

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून अकरावीला माहिती तंत्रज्ञान हा विषय घेतलेल्या मुलांसाठी मी जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या प्रोग्रॅमिंग भाषेवरील प्राथमिक टिपणांचा मराठी मसुदा तयार करीत आहे. चल (व्हेरिएबल), अट (इफ) आणि फेरा (लूप) इथपर्यंत फारशी अडचण आली नाही. परंतु ‘इव्हेंट-ड्रिव्हन प्रोग्रॅमिंग’ (टिचकीसारखे काही घडल्यावर काम करणारा प्रोग्रॅम लिहिणे) या प्रकरणाच्या शीर्षकापाशीच लेखणी थांबली. मी ‘घटनाचालित आज्ञावली’ असे लिहिले, तेव्हा एका सहकाऱ्यांनी ‘हा नागरिकशास्त्राचा धडा आहे का?’ असे विचारले, आणि त्यांचा प्रश्न केवळ थट्टेचा नव्हता. घटनादुरुस्ती, घटनापीठ, घटनाबाह्य या सर्व शब्दांत ‘घटना’ म्हणजे राज्यघटना. त्यामुळे घटनेनुसार चालणारे काहीही म्हटले की कायद्याचे राज्य डोळ्यांसमोर येते. ‘इव्हेंट’ हाच शब्द ठेवावा, तर आपल्याकडे इव्हेंट म्हणजे मंडप, ध्वनिक्षेपक आणि छायाचित्रकार. साधी मुंजही आता ‘इव्हेंट’ झाली आहे. माउसची एक टिचकी हा ‘इव्हेंट’ आहे, हे मुलांच्या गळी कसे उतरवावे? त्याच प्रकरणात पुढे लिसनर, हँडलर, कॉलबॅक आणि इव्हेंट लूप हे शब्द येतात. त्यांचेही काय करावे, हे जाणकारांनी सांगावे.

पहिला प्रतिसाद

‘घटना’ या शब्दाला एवढ्यात नाकारू नये. आपले विद्यार्थी दहावीच्या बीजगणितात संभाव्यतेचे प्रकरण शिकून आलेले असतात. तिथे यादृच्छिक प्रयोग, नमुना अवकाश आणि घटना हे शब्द त्यांनी वापरलेले असतात, आणि फासा टाकल्यावर सम संख्या मिळणे याला ‘घटना’ म्हणताना कोणालाही राज्यघटना आठवत नाही. संदर्भ पक्का असला की अर्थ पक्का होतो. शिवाय ‘घटना’ आणि ‘घडणे’ यांचे धातूचे नाते मराठी कानाला अजून ऐकू येते. ‘इव्हेंट फायर होतो’ हे इंग्रजीचे बंदुकीचे भाषांतर करण्यापेक्षा ‘घटना घडते’ हे दोन शब्द पुरेसे आहेत.

घोटाळा होतो तो समासात. ‘घटना’ हे पूर्वपद झाले की वर्तमानपत्राच्या सवयीने आपण संविधानाकडे वळतो. म्हणून शीर्षकात समास टाळावा, किंवा ‘घटनांवर चालणारी आज्ञावली’ असे अनेकवचन वापरावे. राज्यघटना एकच असल्यामुळे अनेकवचनाने संशय आपोआप फिटतो. समास हवाच असेल तर ‘चालित’ आणि ‘चलित’ यांतील भेद मात्र सांभाळावा. जे आपले आपण चालते ते स्वयंचलित, आणि ज्याला दुसरे कोणी चालवते ते यंत्रचालित किंवा विद्युतचालित. इथे आज्ञावलीला बाहेरची घटना चालवते, म्हणून ‘घटनाचालित’ हेच रूप बरोबर आहे. ‘घटनाचलित’ लिहू नये.

दुसरा प्रतिसाद

गेली अनेक वर्षे प्रोग्रॅमिंग करीत असल्यामुळे मला हा प्रश्न नामापेक्षा वाक्यरचनेचा वाटतो. मुलांना जी गोष्ट अवघड जाते ती ‘इव्हेंट’ हा शब्द नव्हे. आतापर्यंत त्यांनी लिहिलेली आज्ञावली पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चालून संपत असे, आणि आता लिहिलेली आज्ञावली चालू होऊनही काहीच करीत नाही, वाट पाहत बसते, हा बदल अवघड जातो. हा बदल सांगायला मराठीत एक अक्षरी शब्द तयार आहे, तो म्हणजे ‘की’.

पुढील दोन वाक्ये पाहावीत. ‘पाऊस आला असेल तर कपडे आत घे’ आणि ‘पाऊस आला की कपडे आत घे’. पहिल्या वाक्यातील माणूस आत्ता एकदा खिडकीतून पाहतो. पाऊस नसेल तर त्याची जबाबदारी तिथेच संपते. दुसऱ्या वाक्यातील माणूस आत्ता काहीच करीत नाही, परंतु दुपारी चारला सर आली तरी त्याने उठायचे आहे. पहिले वाक्य म्हणजे ‘इफ’, आणि दुसरे म्हणजे इव्हेंट. नवशिक्यांची जी चूक मी सर्वांत अधिक वेळा पाहिली आहे ती याच दोन वाक्यांच्या सरमिसळीतून होते: ‘बटण दाबलेले असेल तर’ अशी अट ते आज्ञावलीच्या सुरुवातीला लिहितात, पान उघडते त्या क्षणी कोणीच बटण दाबलेले नसते, अट खोटी ठरते, आणि मग दिवसभर बटण दाबले तरी काही होत नाही. मुलाला ‘तू “तर” लिहिलेस, तुला “की” लिहायचे होते’ एवढे सांगितले तरी त्याला चूक सापडते.

अट पुन:पुन्हा तपासत राहणे हा एक मार्ग असतोच, आणि त्याला पोलिंग म्हणतात, परंतु हा शब्द ऐकून मुलांना मतदान केंद्र आठवेल, म्हणून मी ‘पाहत राहणे’ म्हणतो. दूध तापवताना आपण ओट्यापाशी उभे राहतो आणि क्षणाक्षणाला पातेल्यात डोकावतो, ते पाहत राहणे. कुकर लावून बाहेरच्या खोलीत जाऊन बसतो, ते घटनेवर सोपवणे. डोकावण्यात माणूस अडकून पडतो, आणि नेमके पाठ वळल्यावर दूध उतू जाते, हा अनुभव संगणकालाही येतो.

तिसरा प्रतिसाद

कुकरचा उल्लेख झाला आहे तर त्याच्यावरच लिसनर आणि हँडलर हे शब्द लावून पाहू. ‘तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर’ असे आई मुलीला सांगते. शिट्टी होणे ही घटना. शिट्टीकडे कान लावून असणे म्हणजे लिसनर. गॅस बंद करणे म्हणजे हँडलरचे काम. आतापर्यंत किती शिट्ट्या झाल्या हे शिट्टी स्वतः सांगत नाही, ते मुलीने मनात मोजायचे असते. म्हणून हँडलरच्या बाहेर एक ‘मोजणी’ नावाचा चल ठेवावा लागतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, मुलीला हे सांगण्यापूर्वीच एक शिट्टी होऊन गेली असेल तर ती मुलीच्या हिशेबात येत नाही आणि भात चौथ्या शिट्टीपर्यंत शिजत राहतो. लिसनर लावण्यापूर्वी घडून गेलेल्या टिचक्या त्याला नंतर कोणी आणून देत नाही, हे मुलांना वेगळे समजावण्याची गरज राहत नाही.

‘लिसनर’ला ‘श्रोता’ म्हणू नये असे माझे मत आहे. श्रोता ऐकतो आणि टाळ्या वाजवून घरी जातो. ऐकून काही करणे त्याच्याकडून अपेक्षित नसते. ‘कानोसा’ हा शब्द अर्थाने जवळचा आहे, परंतु त्याला थोडी चोरून ऐकण्याची छटा आहे. ‘हँडलर’साठी मात्र मराठीत ‘दखल’ हा उत्तम शब्द आहे. घटनेची दखल घेतली जाते, हा बातम्यांतला रोजचा प्रयोग असून त्यात कळणे आणि त्यावर कृती करणे या दोन्ही गोष्टी येतात. ‘हाताळणे’ म्हटले की मला बंदोबस्त आठवतो.

इंग्रजीतही हे दोन शब्द एकाच वेळी आलेले नाहीत. १९८७ मध्ये ॲपलने आणलेल्या हायपरकार्ड या सॉफ्टवेअरच्या हायपरटॉक भाषेत ‘ऑन माउसअप’ या शब्दांनी हँडलर सुरू होत असे. १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीत ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट घडवली आणि तिच्याबरोबर ‘ऑनक्लिक’ हा टिचकीसाठीचा हँडलर आला. ‘लिसनर लावणे’ हे २००० च्या नोव्हेंबरमधील ‘डॉम लेव्हल २ इव्हेंट्स’ या वेब-मानकाच्या शिफारशीने प्रमाण केले. व्यवहारात दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण एक फरक टिपणांत अवश्य द्यावा: ‘ऑनक्लिक’ ही एकच खुंटी आहे, तिच्यावर दुसरे काम टांगले की पहिले खाली पडते, लिसनर मात्र एकाच बटणाला कितीही लावता येतात.

प्रश्नकर्तीचा उपप्रश्न

‘की’ची सूचना मला मनापासून पटली. तिच्या आधारे मी पहिले वाक्य असे लिहिले आहे: ‘वापरकर्त्याने बटण दाबताच हँडलर चालतो.’ ‘दाबताच’, ‘दाबले की’ आणि ‘दाबल्यावर’ हे तिन्ही प्रयोग टिपणांत आलटून पालटून वापरले तर चालेल का? एकच शब्द सारखा आला की मजकूर कंटाळवाणा होतो.

चौथा प्रतिसाद

कंटाळवाणा झाला तरी चालेल, परंतु ‘दाबताच’ काढून टाकावे. ‘-ताच’ या रूपात दोन क्रियांमध्ये फट नसते, आणि इथे नेमकी फट असते. किंबहुना ‘इव्हेंट लूप’ ही संपूर्ण कल्पना त्या फटीत राहते.

ब्राउझरमधील पानाची जावास्क्रिप्ट एका वेळी एकच काम करते आणि हातातले काम पुरे झाल्याशिवाय दुसरे घेत नाही. टिचकी पडली की हँडलर धावत सुटत नाही. त्याचे काम रांगेत उभे राहते. हातातले काम संपले की रांगेतले पुढचे काम उचलायचे, ते पुरे करायचे, पुन्हा रांगेकडे यायचे, आणि रांग रिकामी असेल तर स्वस्थ थांबायचे, एवढेच इव्हेंट लूप करतो. विद्यार्थ्यांकडून तीन ओळींची आज्ञावली करून घ्यावी: पहिल्या ओळीत कन्सोलवर (ब्राउझरच्या संदेशांच्या चौकटीत) ‘एक’ छापायचे, दुसऱ्या ओळीत सेटटाइमआउट (ठरावीक वेळाने काम करायला सांगणारी आज्ञा) वापरून शून्य मिलिसेकंदांनी ‘दोन’ छापायला सांगायचे, तिसऱ्या ओळीत ‘तीन’ छापायचे. पडद्यावर ‘एक, तीन, दोन’ असे उमटते. वर्गातील निम्मी मुले संगणक बिघडला असे म्हणतात. शून्याचा अर्थ ‘लगेच’ असा नसून ‘लगेच रांगेत’ असा आहे, आणि चालू असलेल्या तीन ओळी संपेपर्यंत रांगेकडे कोणी पाहत नाही, हे सांगितले की त्यांचा चेहरा बदलतो.

त्यानंतर एका बटणाच्या हँडलरमध्ये मुद्दाम पाच सेकंद चालणारा फेरा लिहावा आणि तो चालू असताना शेजारच्या बटणावर चार टिचक्या मारायला सांगावे. पान थिजते, पाच सेकंद काहीही होत नाही, आणि मग चारही टिचक्यांची कामे एकामागून एक होतात. ‘दाबताच’ हे या मुलांसमोर आता कोणत्या तोंडाने म्हणणार? ‘दाबल्यावर’ मात्र खरे ठरते, कारण ‘-ल्यावर’ क्रम सांगते, तत्परता सांगत नाही. योगायोगाने त्यातील ‘वर’ आणि ‘ऑनक्लिक’मधील ‘ऑन’ हे अर्थानेही सख्खे निघतात.

‘इव्हेंट लूप’ला ‘रहाटगाडगे’ म्हणावे असा मोह मला झाला होता, कारण त्यातही एकेक पोहरा वर येऊन रिता होतो. परंतु रहाट रिकामाही फिरत राहतो आणि लूप रिकाम्या रांगेपाशी थांबतो. शिवाय रहाटगाडगे म्हटले की संसाराचा शीण आठवतो. ‘इव्हेंट लूप’ तसाच ठेवावा आणि ‘रांग’ हा शब्द भरपूर वापरावा.

पाचवा प्रतिसाद

‘कॉलबॅक’, म्हणजे नंतर चालवण्यासाठी आधीच सोपवलेले फंक्शन (एका कामाच्या आज्ञांचा गट), राहिला आहे. ‘प्रत्याह्वान’ असा एक प्रतिशब्द मी वाचला होता. तो उच्चारून पाहिल्यावर पुन्हा वापरावासा वाटला नाही. मराठीत याला नाम नाही, क्रियापद आहे: ‘सांगून ठेवणे’. दुकानात हवा तो माल नसला तर आपण आपला क्रमांक देतो आणि ‘माल आला की फोन करा’ असे सांगून ठेवतो. ‘ठेवणे’ या सहायक क्रियापदामुळे काम आत्ता व्हायचे नाही, नंतर व्हायचे आहे, हे आपोआप येते.

कंसांचा घोळही याच जोडीने सुटतो. ‘नमस्कार’ नावाचे फंक्शन लिसनरला देताना मुले सवयीने त्याच्यापुढे कंसांची रिकामी जोडी लावतात. कंस लावले म्हणजे काम सांगून ठेवले जात नाही, ते तिथल्या तिथे करून टाकले जाते. पान उघडताच नमस्कार होतो आणि नंतर बटण मुके राहते. कंसांशिवाय नुसते नाव देणे म्हणजे सांगून ठेवणे, कंसांसह देणे म्हणजे करून टाकणे.

बाकी, कामाच्या ठिकाणी आम्ही ‘लिसनर लावला’ असेच म्हणतो, आणि ‘गजर लावणे’, ‘कुकर लावणे’ यांच्या पंगतीत ते नीट बसते. लावलेले काढायचेही असते, याचा धडा मला माझ्याच हातून मिळाला. खरेदीची यादी उघडण्याच्या प्रत्येक टिचकीला मी ‘जोडा’ या बटणाला नवा लिसनर लावत होतो. यादी तिसऱ्यांदा उघडली की एका टिचकीत तीन किलो साखर जमा होत असे. तेच फंक्शन पुन्हा लावले तर ब्राउझर दुर्लक्ष करतो, परंतु मी दर वेळी नवे फंक्शन तयार करीत होतो, म्हणून त्याला तीन वेगळी माणसे दिसत होती.

प्रश्नकर्तीचा समारोप

शीर्षक ‘घटनांवर चालणारी आज्ञावली’ असे केले आहे. ‘लिसनर’ आणि ‘इव्हेंट लूप’ तसेच राहतील, ‘हँडलर’ पहिल्यांदा येईल तिथे ‘दखल घेणारे फंक्शन’ अशी फोड देईन, आणि ‘कॉलबॅक’च्या आधी दुकानदाराला फोन क्रमांक देऊन ठेवीन. ‘दाबताच’ मसुद्यात अकरा ठिकाणी होते. सर्व ठिकाणी ‘दाबल्यावर’ केले. एक शंका उरली आहे. ‘बेल वाजली की दार उघड’ हे एकदाच करायचे की दर वेळी, हे ‘की’ सांगत नाही. लिसनर तर काढेपर्यंत दर वेळी चालतो, आणि एकदाच हवे असेल तर ‘वन्स’ हा पर्याय वेगळा द्यावा लागतो. तूर्त मी पहिल्यासाठी ‘जेव्हा जेव्हा’ आणि दुसऱ्यासाठी ‘एकदा’ असे लिहिले आहे. मात्र ‘एकदा बेल वाजली की दार उघड’ या वाक्यात ते ‘एकदा’ बेलचे आहे की दाराचे, यावर आमच्या घरी दोन मते पडली आहेत.