एमजीबी : इंजिन उतरवण्यापूर्वी ऑइलगळतीचा उगम कसा शोधावा?

नमस्कार.

माझ्याकडे 1966 ची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे. इंजिन 1798 सीसीचे, पाच मेन बेअरिंगांचे, दोन एसयू कार्ब्युरेटरांचे. गाडी बरीच वर्षे देवगडजवळच्या एका आंब्याच्या बागेत शेडखाली झाकून उभी होती; सध्या कुडाळला तिचे काम चालू आहे. पत्रा, ब्रेक आणि वायरिंग ही कामे मार्गी लागली आहेत. अडले आहे ते ऑइलगळतीपाशी.

गाडी रात्रभर उभी राहिली की बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या, क्लच झाकणाऱ्या कवचाच्या) तळाला जे भोक असते, त्याच्या खाली तळहाताएवढा डाग पडतो. इंजिन गरम असताना बंद केले तर सुरुवातीला थेंब भराभर पडतात आणि मग मंदावतात. वेंगुर्ल्यापर्यंत सावकाश जाऊन आल्यावर गळती जेमतेम असते, पण आंबोलीचा घाट चढून वर थांबले की ती स्पष्टपणे वाढलेली दिसते. ऑइलचा दाब गरम इंजिनावर 60 पीएसआयच्या आसपास राहतो आणि चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन 150 ते 160 पीएसआयच्या दरम्यान आहे, त्यामुळे पिस्टनच्या रिंगा गेल्या असाव्यात असे वाटत नाही.

मेस्त्री म्हणतात की क्रँकचे मागचे सील गेले आहे, इंजिन उतरवू या. त्यांचे म्हणणे चूक आहे असे मी म्हणत नाही. परंतु या गाडीत गिअरबॉक्स खालून एकटा निघत नाही, सीलपर्यंत पोहोचायचे तर इंजिन बाहेर काढावेच लागते. आणि ऐन पावसाळ्यात, एका बाजूने उघड्या शेडमध्ये, असे इंजिन चेनपुलीला टांगून ठेवायला मन धजत नाही. आमच्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत ताजे घासलेले लोखंडसुद्धा बघता बघता तांबूस होते.

रॉकर कव्हरचे कॉर्कचे पॅकिंग नवीन घातले आहे. त्याचे नट पूर्वी कोणीतरी इतके आवळले होते की कव्हरची कड वाकली होती. हँडबुकात त्यांना फक्त 4 पाउंड-फूट ताण सांगितला आहे. उजव्या बाजूला फिल्टर, डिस्ट्रिब्युटर आणि प्रेशर गेजच्या नळीचा जोड हे सर्व कोरडे आहे. डाव्या बाजूला मॅनिफोल्डखाली (हवा-इंधन आत आणि धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांखाली) हात जात नाही, म्हणून छोटा आरसा आणि टॉर्च घालून पाहिले. टॅपेटच्या (व्हॉल्व्ह उघडायला लावणाऱ्या भागांच्या) मागच्या झाकणाखाली धूळ आणि ऑइल मिळून काळा, मेणचट थर साचला आहे आणि त्या थरातून ताज्या ऑइलची बोटभर रुंद, चकचकीत रेघ बॅकप्लेटच्या (इंजिनाच्या मागच्या टोकावरच्या पत्र्याच्या) दिशेने गेली आहे.

ही रेघ गळतीचे मूळ दाखवते आहे, की मागचे सील वेगळे गळत आहे आणि हा दुसराच आजार आहे, हे इंजिन न उतरवता कसे ठरवावे? गिअरबॉक्समध्येही इंजिनाचेच 20डब्ल्यू-50 ऑइल असल्यामुळे डागाच्या वासावरून काही कळत नाही.

प्रतिसाद :

नमस्कार. आपण आरसा घालून पाहिलेत हे फार बरे केलेत. चालत्या गाडीत वारा आणि उतार ऑइलला मागे आणि खाली नेतात, म्हणून ते जिथे ठिबकते ती जागा जवळजवळ कधीच उगमाची नसते. सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा ओला बिंदू शोधावा लागतो. टॅपेटच्या झाकणांबरोबरच ब्लॉकच्या डाव्या बाजूला, मागे, ऑइल प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हचा घुमटाकार नटही पाहा. त्याचे वॉशर जुने झाले की तिथून येणारे ऑइल नेमके बॅकप्लेटकडे उतरते.

तरीही माझा पहिला संशय ब्रीदरवर (इंजिनाच्या आत साचणारा वायू बाहेर काढणाऱ्या वाटेवर) आहे आणि त्याचे कारण आपला आंबोलीचा अनुभव. चढावर थ्रॉटल उघडे असते, तेव्हा मॅनिफोल्डमधली ओढ कमी होते आणि रिंगांजवळून खाली येणारा वायू वाढतो. त्याला वाट मिळाली नाही तर तो प्रत्येक पॅकिंगमधून ऑइल बाहेर ढकलतो, मागच्या चांगल्या सीलमधूनही. पुढच्या टॅपेट झाकणावरच्या ब्रीदरच्या डब्यात तारेची जाळी असते. इतकी वर्षे उभ्या गाडीत ती चिकटून बसलेली असणारच. डबा रॉकेलने धुवा. मग मॅनिफोल्डवरचा ब्रीदर व्हॉल्व्ह तपासा : गरम इंजिन आयडलिंगला ठेवून ऑइल भरण्याचे झाकण काढले, की वेग सुमारे 200 आरपीएमने वाढला पाहिजे. वाढला नाही तर व्हॉल्व्ह उघडून आतला पडदा पाहा. एवढे होईपर्यंत सीलविषयी कोणताही निष्कर्ष काढू नये.

त्यानंतर इंजिन बाहेरून स्वच्छ धुऊन कोरडे करा आणि अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात चमकणारा डाय फक्त इंजिनात घाला, गिअरबॉक्समध्ये नाही. पुन्हा एकदा घाट चढून या आणि अंधारात पाहा. ब्लॉकची डावी बाजू चमकली तर मॅनिफोल्ड काढून टॅपेटच्या झाकणांचे काम करावे. भोकातून येणारे ऑइल चमकत नसेल तर ते गिअरबॉक्सचे आहे. डावी बाजू कोरडी राहून भोकातले ऑइल चमकले, तर मात्र मेस्त्रींचे ऐकावे. आणि इंजिन उतरवलेच तर सीलबरोबर बॅकप्लेटचे पॅकिंगही बदलून घ्यावे, कारण गळती पुष्कळदा त्याचीच असते.